कुमुदताईंचा चोरखिसा

कुमुदताई सगदेव फोन ठेवत नसत. "बरं, ठेवते हं," असं म्हटल्यावर त्यांचं खरं बोलणं सुरू होई. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक पिवळा फोन होता आणि त्याला विनायकरावांनी इतकी लांब वायर बसवून दिली होती, की कुमुदताई खांद्यात रिसीव्हर दाबून पोळ्या लाटत, भाजी ढवळत, गराजमधल्या फ्रीझरमधून मटार काढून आणत आणि पलीकडच्या माणसाला कशाचा पत्ताही लागत नसे. आम्ही आल्यागेल्या बायका ती वायर ओलांडून सिंकपाशी जायचो.

"मी कोणाला सांगत नाही, पण तुला म्हणून सांगते," ही त्यांची ठरलेली सुरुवात. हे वाक्य त्यांनी सकाळपासून चौघींना ऐकवलेलं असे. मी एकदा तोंडावर तसं म्हटलं, तर जराही न ओशाळता म्हणाल्या, "हो ना! तुला म्हणून तुला सांगितलं, त्यांना म्हणून त्यांना सांगितलं. मनात ठेवलं की मला ॲसिडिटी होते बाई."

मी मिरजेची, त्या नागपूरच्या. आम्ही त्यांच्या शेजारचं घर घेतलं तेव्हा सामानाचे खोके उघडायच्या आत त्या गुडघाभर बर्फ तुडवत गोळाभाताचं भांडं घेऊन आल्या. खुर्चीत बसल्या आणि माझं माहेर, सासर, माझी नोकरी, नवऱ्याचं घोरणं अशी सगळी माहिती काढून घेतली. पुढच्या रविवारी किराणा आणायला शिकागोत डेव्हनवरच्या भारतीय दुकानांत गेलो, तर तिथे एक पूर्ण अनोळखी बाई मला म्हणाली, "तुमचे मिस्टर उशी उंच घेत असतील." मी घरी येऊन चांगली भांडले. कुमुदताई म्हणाल्या, "अगं, ती नर्स आहे. मी फुकटात सल्ला घेतला तुझ्यासाठी." त्यांच्यावर रागावून राहणं मला कधीच जमलं नाही.

बोलण्याखालोखाल त्यांचा हात चालायचा तो शिवणावर. इथल्या महाराष्ट्र मंडळातलं कोणीही भारतात निघालं, की तिकिटाच्या पाठोपाठ कुमुदताईंकडे जायचं, चोरखिसा शिवून घ्यायला. पुरुषांच्या बंडीला आतून, बायकांच्या परकराला, हँडबॅगेच्या अस्तरात. वर दुहेरी टीप आणि दोरा अस्तराच्याच रंगाचा. "बाहेरून हात फिरवला तर माझा मलाही सापडू नये, असा शिवते मी," हे त्या अभिमानाने सांगत. माझ्या सासूबाई त्यांनी शिवलेल्या परकरात पाटल्या घेऊन मिरजेला सुखरूप पोचल्या होत्या. आमच्या पिढीने अमेरिकेत कार चालवली, क्रेडिट कार्ड वापरलं, पण प्रवासाला निघताना किमती वस्तू अंगाशी शिवून घेतल्याशिवाय आम्हाला झोप लागत नसे.

विनायकराव त्यांच्या अगदी उलट. पाण्याच्या मोठ्या पंपांचे इंजिनिअर. दिवसाला मोजकी वाक्यं बोलणारे आणि तीही बहुधा "हो" किंवा "बघू" अशी. एकुलती एक मुलगी अंजू मात्र त्यांच्याशी तासन् तास बोलायची, ती इंग्रजीत आणि ते मराठीत. ड्राइव्हवेवरचा बर्फ दोघं मिळून काढायचे, तेव्हा माझ्या खिडकीतून त्यांचं हसू ऐकू यायचं.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं आणि विनायकरावांच्या कंपनीने बऱ्याच जणांना घरी बसवलं, त्यात त्यांचाही नंबर लागला. काही महिन्यांनी एका युरोपियन कंपनीकडून बोलावणं आलं. वाळवंटातल्या एका देशात पाण्याची मोठी पाइपलाइन टाकायची होती, चार महिन्यांचं काम. त्या देशाचं नाव कुमुदताईंनी पुढे कधीच घेतलं नाही, त्या नुसतं "तिकडे" म्हणत, म्हणून मीही घेत नाही. तिथे एका लष्करशहाचं राज्य होतं. जगाशी फारसं जाणंयेणं नाही आणि अमेरिकेशी तर उघड वैर. अमेरिकन पासपोर्टवर तिकडे जायला इथल्याच सरकारची बंदी होती.

विनायकराव अमेरिकन नागरिक झाले होते. पण जुना भारतीय पासपोर्ट परत करायचा असतो, तो त्यांनी केला नव्हता. अजून काही वर्षांची मुदत शिल्लक असलेली वस्तू परत कशी करायची? ज्या घरात दह्याचे रिकामे डबेसुद्धा धुऊन ठेवतात, त्या घरात पासपोर्ट कसा टाकतील! तोच आता कामाला आला. तिकडे भारतीयांना सहज प्रवेश होता. तेव्हा जाताना भारतीय व्हायचं आणि परत येताना शिकागोच्या विमानतळावर अमेरिकन व्हायचं, असं ठरलं. यात आपण काही भयंकर करतो आहोत असं कोणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

अमेरिकन पासपोर्ट अर्थातच कुमुदताईंनी बॅगेच्या अस्तरात शिवून दिला.

तीन महिने सुरळीत गेले. मग टीव्हीवर रोज त्या देशाचं नाव यायला लागलं. अमेरिकेची जहाजं त्यांच्या किनाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली, तिकडून धमक्या सुरू झाल्या. एका शनिवारी दुपारी मी कुमुदताईंच्या टेबलापाशी मटार सोलत बसले होते आणि फोन वाजला. त्या नेहमीसारख्या "हं, बोला" म्हणाल्या आणि नंतर काहीच बोलल्या नाहीत. मी मान वर करून पाहिलं. कुमुदताई फोनवर असून घरात शांतता आहे, हे मी पहिल्यांदाच अनुभवत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "जेवायला देते है ना उनको?"

फोन रोमच्या विमानतळावरून होता. विनायकरावांच्या साइटवरचा एक केरळी फोरमन सुटून घरी निघाला होता, त्याने मिळालेल्या पाच मिनिटांत सगळं सांगितलं. साइटवरून शहरात येताना वाटेत लष्कराची तपासणी झाली. एका शिपायाने बॅगेवरून हात फिरवला, अस्तराखाली काहीतरी टणक लागलं. त्याने सुरीने अस्तर फाडलं आणि आतून अमेरिकन पासपोर्ट निघाला. हातात भारतीय पासपोर्ट आणि अस्तरात लपवलेला अमेरिकन! विनायकरावांना आणि बरोबरच्या दोघांना तिथल्या तिथे गाडीतून उतरवून नेलं. आता विनायकराव एका बंद गेस्टहाउसमध्ये होते, दाराशी बंदूकवाले आणि रोज चौकशी.

फोरमनने भारतीय वकिलातीतल्या एका भल्या अधिकाऱ्याचा निरोपही आणला होता. त्या देशाचं भारताशी बरं होतं. 'हा आमचा साधा इंजिनिअर आहे, तो दुसरा पासपोर्ट म्हणजे त्याचा मूर्खपणा आहे,' असं सांगून वकिलात त्यांना सोडवू पाहत होती. मात्र एक अट होती. अमेरिकेत ब्रसुद्धा निघता कामा नये. एकदा का इथल्या पेपरात 'अमेरिकन इंजिनिअर अटकेत' असं छापून आलं, की तिकडच्या लोकांच्या दृष्टीने विनायकरावांची किंमत वाढणार आणि मग ते त्यांना सोडणार नाहीत.

फोन ठेवून कुमुदताई माझ्यासमोर येऊन बसल्या. "हातात ठेवला असता तर काही झालं नसतं गं," त्या म्हणाल्या. "दोन पासपोर्ट दिसले असते, रागावले असते, हाकलून दिलं असतं. लपवलेला सापडला म्हणून हेर ठरले. मी शिवला. मी लपवला." मग सोललेले मटार त्यांनी पुन्हा सालींमध्ये ओतले आणि वेगळे करत बसल्या. मी त्यांचे हात धरले तेव्हा थांबल्या.

म्हणजे ज्या बाईला मनात काही ठेवलं की ॲसिडिटी होत होती, तिच्या गप्प राहण्यावर आता तिच्या नवऱ्याचा जीव होता. मला खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल खात्री नव्हती. मी रात्रंदिवस धास्तावलेली असे. पण कुमुदताई बोलत राहिल्या, पूर्वीइतकंच, फक्त त्या विषयावर नाही. फोन आला की उडी मारून घेत. कारण विनायकरावांचा धाकटा भाऊ नागपूरहून दिल्लीला खेटे घालत होता आणि काही कळलं तर तोच फोन करणार होता. त्यामुळे त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. डेव्हनला जाणं बंद, मैत्रिणींकडे जाणं बंद. अंजूला पोहायच्या क्लासला मी सोडू लागले. त्यांचं ते मोठं घर त्या वायरच्या टप्प्याएवढं उरलं होतं.

"सासूबाईंची तब्येत बरी नाही, हे नागपूरला गेलेत," असं त्या सगळ्यांना सांगत. अंजूलाही तेच सांगितलं होतं. हे खोटं दोन महिने टिकलं. मग मंडळाचे अध्यक्ष माधवराव यांचे मेहुणे नागपुरात आपणहून समाचाराला गेले. विनायकरावांच्या आई अंगणात वाळवणं घालत होत्या. त्या म्हणाल्या, "विनू? तो तर अमेरिकेत आहे!"

झालं. माधवराव हौशी गृहस्थ. इथल्या वर्तमानपत्रात त्यांची ओळख, काँग्रेसमनबरोबर त्यांचा फोटो. विनायकराव पंपांच्या कामाला परदेशी गेले होते हे त्यांना ठाऊक होतं आणि टीव्ही तेही बघत होते. पाडव्याच्या जेवणाला तरी चला म्हणून मी कुमुदताईंना मंडळात नेलं होतं, तिथे ते सरळ आमच्या टेबलापाशी आले. आठ-दहा जण बसलेले.

"वहिनी, मला डाउट येतोय," ते म्हणाले. "विनायक तिकडे अडकलाय का? नुसतं हो म्हणा. उद्याच्या उद्या मी सगळं अरेंज करतो. पेपर, टीव्ही, काँग्रेसमन. आपली कम्युनिटी गप्प बसणार नाही!"

मी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. कुमुदताईंनी शांतपणे तोंडातला घास संपवला.

"नाही हो भाऊजी," त्या म्हणाल्या. "ते मला सोडून गेलेत. दुसरी कोणी आहे. मी कोणाला सांगत नाही, पण तुम्हाला म्हणून सांगते."

माधवराव "ओह, आय ॲम सॉरी" म्हणत मागच्या मागे सरकले. त्यानंतर विनायकराव कुठे आहेत, हे कोणीही, कधीही विचारलं नाही. आपल्या लोकांना कुमुदताई बरोबर ओळखून होत्या. नवरा तुरुंगात आहे म्हटलं असतं तर वर्गणी गोळा झाली असती, सभा भरल्या असत्या. नवरा सोडून गेला म्हटल्यावर सगळ्यांनी डोळे खाली घातले. पाठीमागे जे काय बोलायचं ते बोलले, पण ते पेपरात छापून येण्याजोगं नव्हतं.

मी त्यांना गाडीतून घरी आणलं. "त्यांच्यासारख्या माणसाला मी बदफैली करून टाकलं गं," एवढंच त्या घरी पोचेपर्यंत म्हणत होत्या.

हे अंजूच्या कानावर जाणारच होतं. एका मैत्रिणीने सांगितलं. ती धाडकन दार लोटून स्वयंपाकघरात आली, मी तिथेच होते. "मॉम, इज इट ट्रू? डॅड हॅज समबडी?" कुमुदताईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी पंधरा वर्षांची, सरळ स्वभावाची. खरं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी शाळेतल्या शिक्षिकेपाशी रडली असती आणि तिसऱ्या दिवशी कॅमेरेवाले दारात आले असते. "हो," कुमुदताई म्हणाल्या. अंजू म्हणाली, "आय होप ही नेव्हर कम्स बॅक," आणि वर निघून गेली.

मी त्या दिवशी खूप भांडले. म्हटलं, "एवढं तरी करू नका. बापाबद्दल असं मनात घेऊन मूल कसं वाढेल?" कुमुदताई ओट्याला धरून उभ्या होत्या. "आधी त्यांना परत येऊ दे," त्या म्हणाल्या. "मग बाप-लेकीचं भांडण घरात बसून मिटवू. भांडायला आधी माणूस तर हवा ना गं." मला तेव्हा त्यांची भीती वाटली होती, हे मी कबूल करते.

आणि मग ती संध्याकाळ आली. कोणाकडे तरी मुलाचा वाढदिवस होता. कुमुदताई गेल्या होत्या, कारण आता न जाणं जास्त डोळ्यांवर आलं असतं. त्या स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होत्या आणि बाहेर पुरुषमंडळी टीव्ही बघत होती. मधेच बातमी आली, अमेरिकेच्या विमानांनी त्या देशाच्या राजधानीवर बॉम्ब टाकले. पडद्यावर काळं आकाश आणि त्यात लाल ठिणग्या. "अरे वा! मस्त धडा शिकवला यार," कोणीतरी ओरडलं आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या. विनायकरावांचं गेस्टहाउस त्याच शहरात होतं. मी स्वयंपाकघरात धावले. कुमुदताई एकापाठोपाठ एक पुऱ्या सोडत होत्या, उलटत होत्या, काढत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. यजमानीणबाई त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "इतकं मनाला लावून घेऊ नका हो. असल्या माणसासाठी काय रडायचं!" कुमुदताईंनी मान हलवली आणि पुढची पुरी सोडली. उभ्या आयुष्यात मला इतकं असहाय कधी वाटलेलं नाही.

बॉम्ब पडल्यावर नागपूरचा फोन बरेच दिवस लागेना. लागला तेव्हा कळलं, विनायकराव जिवंत आहेत. उन्हाळा संपत आला तेव्हा वकिलातीने त्यांना मुंबईच्या विमानात बसवून दिलं. कुमुदताई फोनवर फक्त "हो" म्हणाल्या, "बघू" म्हणाल्या आणि रिसीव्हर जागेवर ठेवून जमिनीवर बसल्या. मग त्यांनी अंजूला हाक मारली आणि सगळं सांगितलं. अंजूने शेवटपर्यंत ऐकलं. "यू लेट मी हेट हिम," एवढंच म्हणाली. पुढे कितीतरी दिवस ती आईशी कामापुरतंच बोलली आणि कुमुदताईंनी ते निमूट सोसलं.

नवे कागद मिळवून विनायकराव मुंबईहून शिकागोला आले, तेव्हा अंजू विमानतळावर खांबाआड उभी राहिली होती. ते निम्मे झाले होते. दाढी पांढरी. अंजू पुढे आली आणि म्हणाली, "बाबा, आय सेड टेरिबल थिंग्ज अबाउट यू." ते म्हणाले, "मी नव्हतो ना ऐकायला." मग त्या दोघांचं हसणं आणि रडणं एकदमच सुरू झालं. कुमुदताई सामानाच्या गाडीपाशी उभ्या होत्या, जवळ गेल्या नाहीत.

तिकडच्या दिवसांबद्दल विनायकराव फार बोलले नाहीत. मला एकदाच म्हणाले, "रोज एकच प्रश्न. तू कोणाचा माणूस? भारताचा म्हटलं तरी खोटं, अमेरिकेचा म्हटलं तरी खोटं. मी म्हणायचो, नागपूरचा." कुमुदताईंना मात्र त्यांनी बजावून सांगितलं, की तुझी शिवण कोणाला सापडली नव्हती, मीच घाबरून पासपोर्ट काढून दिला. फोरमनने काय सांगितलं ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. "खोटं बोलून राहिले," कुमुदताई मला म्हणाल्या. "बोलू दे." त्यांनी पुन्हा कोणाला चोरखिसा शिवून दिला नाही, डोळ्यांना दिसत नाही असं सांगत.

खरं अजूनही सांगता येत नव्हतं. विनायकरावांबरोबरचे दोन जण तिकडेच अडकलेले होते. त्यामुळे मंडळाच्या लेखी सगदेव म्हणजे बाहेरख्यालीपणा करून परत आलेला नवरा. गणपतीत त्यांच्या पानात मोदक वाढताना बायकांचे हात आखडायचे. माधवरावांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. विनायकराव कोपऱ्यात बसून जेवायचे, आपलं ताट स्वतः उचलायचे. यावरून कुमुदताईंचा जीव तुटायचा. "ते दोघं सुटले ना, की मी एकेकाला धरून सांगेन," असं त्या म्हणत. ते दोघं सुटले, पण तोवर कुमुदताईंना कॅन्सरने गाठलं होतं आणि सांगत फिरण्याइतका श्वास त्यांच्यात उरला नव्हता. दशक संपता संपता, ऐन थंडीत त्या गेल्या.

शोकसभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. एकेक जण उठून बोलत होता. बोलण्याची हौस, गोळाभात, शिवण, सगळं निघालं. शेवटी माधवराव उठले. "काय मन होतं त्या बाईचं!" ते म्हणाले. "सोडून गेलेल्या नवऱ्याला तिने पदरात घेतलं. एक शब्द बोलली नाही. आज तरी विनायकने तिची माफी मागावी." हॉलमधल्या बायकांनी माना डोलावल्या.

माझ्या शेजारी अंजू बसली होती, आता कॉलेजात जाणारी. ती ताडकन उठली. "दॅट्स अ लाय. आय ॲम गोइंग टु टेल देम."

विनायकरावांनी तिचं मनगट धरलं. "बस," ते हळूच म्हणाले. "आज नको. आज आईला खोटी पाडू नकोस."

अंजू बसली. विनायकराव उठले, हात जोडून सगळ्यांकडे वळले. एवढ्या लोकांसमोर ते पहिल्यांदाच बोलत होते.

"माधवराव म्हणतात ते बरोबर आहे," ते म्हणाले. "मी चुकलो होतो. तिने मला सांभाळून घेतलं."

मग ते खुर्चीकडे वळले. अंजूने त्यांना दोन्ही हातांनी धरून बसवलं आणि सभा संपेपर्यंत सोडलं नाही.